गॅसबत्ती : रचना, वापर आणि रात्रीच्या मासेमारीतील दक्षता

भंडारा, प्रतिनिधी

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यानंतर शासनाकडे आलेले हे तलाव आज ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच बोलीभाषेतील ‘मामा तलाव’ म्हणून परिचित आहेत. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. या तलावांवर आणि वैनगंगेच्या पात्रावर ढिवर समाजाची उपजीविका पिढ्यान् पिढ्या चालत आली. गावात विजेचे खांब उभे राहिले, तरी तलावाच्या पाळीवर आणि नदीच्या काठावर वीज पोहोचली नाही. तेथे रात्रीचा खरा उजेड दीर्घकाळ दिला तो गॅसबत्तीने.

गॅसबत्ती या नावात गॅस असला, तरी तिच्या टाकीत असते ते रॉकेल. ‘पेट्रोमॅक्स’ हे एका कंपनीचे व्यापारी नाव, परंतु ते इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या बत्तीला लोक पेट्रोमॅक्सच म्हणू लागले. गेल्या काही वर्षांत कपाळावर बांधायच्या बॅटरीने आणि एलईडी दिव्याने या बत्तीची जागा घेतली आहे. असे असले तरी ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. अनेक घरांच्या माळ्यावर ती पडून आहे, आणि जंगलालगत तंबू ठोकून मुक्काम करणाऱ्या हौशी मंडळींना तिचे नव्याने आकर्षण वाटू लागले आहे. अडचण अशी की बत्ती शिल्लक राहिली, पण ती पेटवण्याची, सांभाळण्याची आणि विझवण्याची शिस्त शिकवणारी माणसे कमी झाली. दाबाखाली भरलेले इंधन, उघडी ज्योत आणि तापलेली काच या तिन्ही गोष्टी एका उपकरणात एकत्र असल्याने ही शिस्त जाणून घेणे अगत्याचे आहे.

जाळीचा शोध आणि त्रावणकोरची वाळू

गॅसबत्तीचा पांढरा प्रकाश ज्योतीचा नसतो. तो ज्योतीभोवती बांधलेल्या जाळीचा, अर्थात मँटलचा असतो. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये अशा जाळीचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या जाळ्यांचा प्रकाश हिरवट होता आणि त्या फार ठिसूळ होत्या. १८९१ मध्ये त्यांनी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड असे मिश्रण वापरले आणि प्रश्न सुटला. हेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले.

या थोरियमचा संबंध भारताशी आहे. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळले. मोनाझाइटमधून थोरियम मिळते आणि त्या काळी थोरियमची मुख्य मागणी दिव्यांच्या जाळ्यांसाठीच होती. त्यामुळे मनवलकुरिची आणि चवरा परिसरातील किनाऱ्यावरच्या वाळूला एकाएकी मोल आले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीनेही जाळी उद्योगाला थोरियम नायट्रेट पुरवले. ज्या मूलद्रव्याचे नाव आज अणुऊर्जेच्या चर्चेत घेतले जाते, तेच लग्नाच्या वरातीत डोक्यावरून मिरवणाऱ्या बत्त्यांमध्ये उजळत होते.

बत्तीचा दुसरा घटक म्हणजे दाबाखालील तेलाची वाफ जाळण्याची पद्धत. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांचा प्रायमस स्टोव्ह १८९२ चा. त्याच सुमारास आर्थर किटसन या इंग्रज संशोधकाने तेलाच्या वाफेवर चालणारे मोठे दिवे तयार केले. जुन्या मराठी लोकांच्या तोंडी असलेली ‘किटसनची बत्ती’ हे त्यांच्याच नावाचे स्मरण होय. १९१० च्या सुमारास बर्लिनच्या एऱ्हिश अँड ग्रेट्झ कंपनीचे मॅक्स ग्रेट्झ यांनी हातात धरून नेता येईल असा सुटसुटीत दिवा बाजारात आणला. पेट्रोलियम या शब्दातील ‘पेट्रो’ आणि त्यांच्या नावातील ‘मॅक्स’ मिळून पेट्रोमॅक्स हे नाव तयार झाले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत धानाची कापणी झाल्यानंतर रात्रभर चालणाऱ्या दंडार आणि नाटकांनाही वीज येण्यापूर्वी मशाली व गॅसबत्त्यांचाच आधार होता. शेतीतही तिचा उपयोग झाला. धानावरील खोडकिड्याचे पतंग व तुडतुडे आकर्षित करण्यासाठी शेतात लावल्या जाणाऱ्या प्रकाश सापळ्यात, वीज नसलेल्या ठिकाणी, गॅसबत्ती पाण्याच्या परातीवर टांगली जात असे.

बत्ती चालते कशी?

बत्तीच्या तळाशी पितळेची, बहुधा निकेलचा मुलामा दिलेली टाकी असते. मोठ्या बत्तीत सुमारे एक लिटर रॉकेल मावते. टाकीला जोडलेल्या पंपाने हवा भरली की तेलावर दाब येतो आणि तेल मधल्या उभ्या नळीतून वर चढते. ही नळी जाळीच्या ज्वाळेजवळून जाते. तिच्या उष्णतेने तेलाची वाफ होते. ही वाफ निपलच्या केसाएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते आणि मिश्रण जाळीत जळते. जाळीतील ऑक्साइड तापून पांढरे शुभ्र प्रकाशते. एकदा बत्ती पेटली की तिचीच उष्णता पुढच्या तेलाची वाफ करत राहते. पेटवताना मात्र ही उष्णता बाहेरून द्यावी लागते. त्यासाठी नळीभोवतीच्या लहान वाटीत स्पिरिट जाळतात. काही बत्त्यांत या कामासाठी तोटीसारखा वेगळा भडका देणारा भाग बसवलेला असतो.

मोठ्या बत्तीवर ‘५०० कँडल पॉवर’ असे लिहिलेले असते. पेट्रोमॅक्सच्या ‘एचके ५००’ या नावातील एचके म्हणजे ‘हेफ्नर कँडल’, हे जर्मनीतील प्रकाशमापनाचे जुने एकक. एका लिटरवर ही बत्ती साधारण आठ तास जळते. एक लिटर रॉकेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. याचा अर्थ बत्ती तासाला सव्वा युनिटच्या आसपास ऊर्जा खर्च करते आणि त्यातील बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. १५ वॉटच्या आतबाहेरचा चांगला एलईडी दिवा आज तेवढ्याच तोडीचा उजेड देतो. बत्ती मागे पडण्याचे कारण या हिशेबातच आहे. हिवाळ्याच्या रात्री तिची ऊब हवीहवीशी वाटते; उन्हाळ्यात ती सोसवत नाही.

पेटवण्याची आणि विझवण्याची रीत

नव्या जाळीच्या चुण्या सारख्या पसरून ती नळीच्या तोंडाशी घट्ट बांधावी आणि दोऱ्याची टोके कापून टाकावीत. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जाते आणि मागे केवळ ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो. यानंतर जाळीला बोट लावू नये आणि बत्ती आपटू नये. प्रवासात जुनी जाळी टिकत नाही, म्हणून सोबत दोन-तीन कोऱ्या जाळ्या ठेवणे श्रेयस्कर ठरते.

तेल जाळीदार गाळणीतून किंवा स्वच्छ फडक्यातून गाळून भरावे. टाकी तीन चतुर्थांशांहून अधिक भरू नये, कारण दाब धरण्यासाठी हवेला जागा लागते. झाकण घट्ट लावून, हवा सोडण्याचा स्क्रू सैल ठेवून, वाटीत स्पिरिट भरावे व ते पेटवावे. नव्या माणसाची चूक येथेच होते. घाई करून स्पिरिट अर्धे जळले असतानाच पंप मारल्यास नळी पुरेशी तापलेली नसते. वाफेऐवजी द्रवरूप तेल बाहेर पडते आणि बत्तीतून उंच पिवळा भडका उठतो. स्पिरिट संपत आले की स्क्रू बंद करून पंप हलके मारावा. जाळी उजळल्यानंतर दाबमापकाचा काटा लाल रेघेपर्यंत येईल इतकी हवा भरावी. लाल रेघेच्या पुढे जाऊन अधिक उजेड मिळत नाही, धोका तेवढा वाढतो.

भडका उठलाच तर बत्ती हातात घेऊन पळू नये आणि तिच्यावर पाणी ओतू नये. हवा सोडण्याचा स्क्रू उघडावा. दाब उतरताच तेल वर चढणे थांबते. ओले जाड पोते किंवा वाळू जवळ ठेवावी. बत्ती विझवण्याची नेहमीची पद्धतही हीच आहे : स्क्रू सोडावा, फुंकर मारू नये.

प्रकाश लुकलुकू लागला तर निपलमध्ये काजळी अडकलेली असते. पिनेची मूठ एक फेरा फिरवल्यास छिद्र मोकळे होते. पंप मारूनही हवा भरत नसेल तर पंपातील चामड्याचा वायसर सुकलेला असतो. तो काढून तेलाचे दोन थेंब चोळल्यास पूर्ववत होतो. जाळीला भोक पडले असेल तर बत्ती लगेच विझवावी. त्या भोकातून निघणारी ज्वाळा सरळ काचेवर आदळते आणि काच तडकते. तापलेल्या काचेवर पावसाचे थेंब पडले तरी तोच प्रकार होतो. अशा वेळी अभ्रकाची काच अधिक टिकाऊ ठरते. भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर असल्याने गळक्या टाकीला डाख लावून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि साध्या डाखाचा सांधा दाब आणि उष्णता यांपुढे सुटू शकतो. गळकी टाकी बाद करणेच योग्य.

पेट्रोल नको, बंद तंबू नको

रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल किंवा पेट्रोलची भेसळ असलेले तेल कदापि भरू नये. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असतो, म्हणजे त्याखालच्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने सहसा पेट घेत नाही. पेट्रोल शून्याखालच्या तापमानातही पेट घेते. अमेरिकी बनावटीचे काही दिवे पेट्रोलसारख्या शुद्ध इंधनावर चालतात आणि दिसायला सारखेच असतात. त्यामुळे परदेशातून आणलेला दिवा कोणत्या इंधनाचा आहे, हे पाहिल्याखेरीज तेल भरू नये. भंडाऱ्याच्या उन्हाळ्याचा येथे वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हात ठेवलेल्या कॅनमधील रॉकेल ज्वलनांकाच्या वर तापलेले असू शकते. ते भरताना आसपास विडी, काडी किंवा चूल नसावी. जळती किंवा गरम बत्ती भरण्याचा विचारही करू नये.

तंबूत मुक्काम करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा धोका आगीचा वाटत असला, तरी न दिसणारा धोका कार्बन मोनॉक्साइड वायूचा आहे. या वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद तंबूत बत्ती जळत राहिल्यास प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे राहते आणि वायू साचतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे थकव्यासारखी वाटतात आणि झोपलेला माणूस पुन्हा जागा होत नाही. म्हणून बत्ती तंबूच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कापडापासून दूर टांगावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी. कोणास त्रास जाणवल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जाळीतील थोरियम किरणोत्सारी आहे. त्याची मात्रा अल्प असून बत्तीजवळ बसल्याने अपाय होण्याचे कारण नाही. धोका आहे तो राखेचा. फुटलेल्या जाळीची पूड फुंकरीने उडवू नये, ती नाकातोंडात जाऊ देऊ नये. ओल्या कागदाने टिपून घ्यावी आणि हात धुवावेत. पाश्चात्त्य देशांत १९९० च्या दशकापासून अनेक उत्पादकांनी थोरियमऐवजी इट्रियमचा वापर सुरू केला.

घरातील लहान मुलांच्या दृष्टीने आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. मुलाने ते प्यायल्यास त्याला उलटी करायला लावू नये. उलटीवाटे तेल फुफ्फुसात शिरल्यास प्रकृती अधिक गंभीर होते. थेट रुग्णालय गाठावे. भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये.

पाण्यावरचा उजेड

उजेड पाहून मासे येतात, हे विधान अर्धे खरे आहे. दिव्याजवळ किडे पाण्यात पडतात, पाण्यातील सूक्ष्म जीव उजेडाकडे सरकतात, त्यांच्या मागे लहान मासे आणि लहान माशांच्या मागे मोठे मासे येतात. यास वेळ लागतो, म्हणून बत्ती वारंवार हलवून उपयोग होत नाही. मागूरसारखे मासे अंधारात मिशांच्या साहाय्याने अन्न शोधतात. त्यांना उजेडाचे आकर्षण नसते. मरळ काठच्या उथळ पाण्यात स्थिर असते आणि उजेडात डोळ्यांना दिसते, एवढेच. झिंग्यांचे डोळे मात्र बत्तीच्या प्रकाशात निखाऱ्यासारखे चमकतात. चांदण्या रात्री बत्तीचा प्रभाव कमी पडतो, अमावास्येच्या आसपास तो सर्वाधिक असतो. गढूळ पाण्यात प्रकाश आत शिरतच नाही.

बत्ती पाण्यालगत धरल्यास तिरपे किरण पृष्ठभागावरून परावर्तित होतात आणि पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. ती उंच टांगून पाहणाऱ्याच्या बाजूला पत्र्याची आडोशी लावल्यास पाण्याचा तळ दिसू लागतो. पाण्यातील मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, हे गळ किंवा जाळे टाकणाऱ्याने ध्यानात घ्यावे. डोंग्यात बत्ती पायांजवळ मोकळी ठेवणे धोक्याचे आहे. डोंगा हेलकावला की तापलेली बत्ती तेलासह आडवी होते. ती खुंटीला पक्की बांधावी, एकट्याने पाण्यात जाऊ नये आणि पोहता येत असले तरी हवा भरलेली ट्यूब जवळ असावी. काठावर उजेडामागे किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. बत्तीखालच्या जमिनीवर अनवाणी वावरू नये.

कोठे आणि केव्हा मासे धरू नयेत, हा प्रश्न दक्षतेइतकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक तलावांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्थेच्या परवानगीविना रात्री गळ टाकणे म्हणजे त्या सभासदांच्या वर्षभराच्या कमाईत हात घालणे होय. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरवले होते. मृगाच्या पावसानंतर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध नाल्यांतून आणि बांध्यांतून वर चढतात. उथळ पाण्यातील हे चढणीचे मासे बत्तीच्या उजेडात सहज हाती लागतात. नेमक्या याच रात्री हात आवरला नाही, तर पुढच्या हंगामात त्या तलावात स्थानिक मासा उरत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी ढिवर समाजाला सोबत घेऊन तलावांतील देशी मासे आणि पाणवनस्पती परत आणण्याचे प्रयत्न केले आहेत. त्या प्रयत्नांचे यश पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांवर अवलंबून असते.

समुद्रात या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. शक्तिशाली एलईडी दिव्यांनी मासळीचे थवेच्या थवे ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन कायद्यात सुधारणा करून दंड वाढवला. उजेड जितका स्वस्त आणि प्रखर, तितका पाण्यावरचा ताण अधिक, हा त्या बंदीचा बोध गोड्या पाण्यालाही लागू पडतो. रॉकेलच्या खर्चामुळे बत्तीवाल्याच्या रात्रीला मर्यादा होती. बॅटरीच्या दिव्याला ती राहिलेली नाही.

जंगलाच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. कोका, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प यांच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेश किंवा मुक्काम करता येत नाही. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने अग्नी पेटवण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० अन्वये मनाई आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पानगळीचा थर वाळलेला असतो. कलंडलेली एक बत्ती वणव्याला पुरेशी ठरते.

तेल आटले, बत्ती उरली

रेशनवरील निळ्या रॉकेलचा कोटा गेल्या दशकात सतत घटत गेला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आणि २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाल्यानंतर स्वयंपाक आणि दिवा या दोन्ही कारणांसाठी रॉकेलची गरज कमी झाली, आणि २०२० पासून त्यावरील अनुदान व्यवहारात संपुष्टात आले. खुल्या बाजारात मिळणारे रॉकेल महाग आहे. त्यामुळे रोजच्या मासेमारीसाठी बत्ती आता परवडत नाही आणि चार्ज होणारा दिवा हाच शहाणपणाचा पर्याय आहे. त्यात भडका नाही, विषारी वायू नाही आणि डोंग्यात तो आडवा झाला तरी आग लागत नाही.

ज्यांना जुनी बत्ती वापरायचीच आहे, त्यांनी ती आधी घराच्या अंगणात, दिवसाउजेडी पेटवून पाहावी. टाकीचे सांधे, झाकणाचा रबर, पंपाचा वायसर आणि दाबमापक तपासावेत. बत्ती वापरलेली एखादी वयस्क व्यक्ती गावात असल्यास प्रथम तिच्या देखरेखीखाली हे काम करावे. स्पिरिट पूर्ण जळेपर्यंत थांबण्याचा संयम त्या पिढीने अनुभवातून कमावलेला आहे. तलावाच्या पाळीवर, रात्रीच्या अंधारात, पहिला प्रयोग करू नये.